नैवेद्याच्या आधी

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकलात तरी चालेल, पण जवळ या. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. कीर्तनात बुवा राजाराण्यांचं आख्यान लावतात, ते गोडच असतं. आज माझ्यापाशी आहे ते एका आचाऱ्याचं आख्यान. आचारी आपल्या देवनहळ्ळीचाच, विश्वेश्वर. तीस वर्षं त्यानं नरसिंहाच्या देवळात रांधलं आणि एका सकाळी ते काम त्याच्या हातून गेलं. का गेलं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे ते खरं नाही. तेवढं सांगतो आणि उठतो.

वैशाख होता. देवळाच्या विहिरीत पाणी इतकं खाली गेलं होतं की बादली तळाच्या दगडाला लागून वाजायची. पाण्याच्या आधी गाळ वर यायचा. टँकर दारात उभा असे, पण सोवळ्याच्या स्वयंपाकाला टँकरचं पाणी चालत नाही, नळाचंही नाही. विहिरीचं हवं, ओल्या वस्त्रानं ओढलेलं हवं. नरसिंहाच्या नवरात्राचे नऊ दिवस आणि दहाव्या दिवशी पारणं. पारण्याला तीनशे पान.

पाणी ओढायला हर्षिता होती. विश्वेश्वरअण्णांची एकुलती मुलगी, बावीस वर्षांची. मागल्या थंडीत कढत हंडा उतरवताना अण्णांचा उजवा खांदा निखळला, तो बसला तो वाकडाच. हात कानाच्या वर जाईना. म्हणून पोरगी आत आली. पहाटेची ओली साडी अंगावरच वाळायची, दोराने तळहात सोलून निघायचे. संध्याकाळी ती हळद आणि तेल लावून तळवे वर करून ओट्यावर बसायची.

त्यांचं घर गावाबाहेर. पूर्वी तिथं नाचणी पिकायची. आता तिन्ही बाजूंनी प्लॉटांचा लेआउट पडलाय, पांढऱ्या दगडांवर लाल आकडे. अण्णांच्या वाट्याला चक्कोत्याची, म्हणजे पपनसाची, पाच झाडं आणि मागचं अंगण एवढंच उरलं. फळं माणसाच्या डोक्याएवढी होतात, पाणी नसलं की आत नुसता कापूस.

पोरीनं बेंगळुरात हॉटेलाचा डिप्लोमा केला होता. विमानतळाच्या वाटेवरच्या मोठ्या हॉटेलात तिला एक दिवस रांधून दाखवायला बोलावलं होतं. जमलं तर नोकरी. तिला शेफ व्हायचं होतं. हा शब्द तिच्या आईला, अनुसूयाक्कांना, तोंडात धरवत नसे.

"आचाऱ्याची मुलगी आचारीच की," अण्णा म्हणाले. "त्यात नवीन काय?"

"नवीन म्हणजे तिथं काय काय शिजतं ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"अम्मा, शाकाहाराचं वेगळं असतं," हर्षिता म्हणाली.

"चूल वेगळी असेल. हवा वेगळी असते का?" अनुसूयाक्का सुपातली डाळ पाखडत राहिल्या. "जा. पण एक ऐकून ठेव. तुझ्या त्या हॉटेलापायी देवाच्या स्वयंपाकात एकदा जरी उणं झालं, त्या दिवशी तुझं हॉटेल बंद. मग माझ्यासमोर रडायचं नाही."

  बोलण्याचा अर्थ तिघांनाही कळला होता.

हॉटेलचं स्वयंपाकघर म्हणजे नुसतं पोलाद आणि गार वारा. तिथला मोठा शेफ पुण्याचा, विराट नावाचा. दाढी कोरलेली, बाहीच्या खिशात सात-आठ चमचे.

"तू मराठी?" तो म्हणाला. "मला वाटलं कन्नड असशील. बोल ना मग."

"बोलतो की आम्ही घरात, सर. स्वल्प जुनं आहे आमचं."

"स्वल्प." तो शेजारच्याकडे बघून हसला. "क्यूट आहे. चल, टोमॅटोचं सूप कर. सगळं समोर ठेवलंय. अर्धा तास."

हर्षिता उभी राहिली. तिला येत होती ती बापाची पद्धत. देवाचं जेवण नैवेद्याआधी चाखायचं नाही, मग मीठ कळायचं कसं? मूठ मोजायची. उकळीचा आवाज ऐकायचा. आणि वाफेत तळहात धरून तो नाकाशी न्यायचा. मीठ पुरेसं असलं की वास हाताला धरून राहतो, कमी असलं की उडून जातो. अण्णांनी तीस वर्षं स्वतःचं सार फक्त सगळ्यांत शेवटी, गार झाल्यावर खाल्लं होतं, आणि त्यात कधी चिमटी इकडची तिकडे नव्हती.

तिनं मूठ मोजली, वाफ घेतली, वाटी पुढे ठेवली. विराटनं चमचा तोंडात घातला आणि उरलेलं सूप मोरीत ओतून दिलं.

"खारट. बटर सॉल्टेड आहे, स्टॉकमध्येही मीठ आहे. अर्धा तास उभी होतीस, एकदा तरी तोंडात घातलंस?"

"आमच्यात आधी चाखत नाहीत, सर."

"का?"

"नैवेद्य व्हायचा असतो."

भांडी घासणारा थांबला. कुणीतरी हिंदीत दुसऱ्याला समजावून सांगितलं आणि मग ते सगळे हसले.

"इथं नैवेद्य रूम नंबर चारशे बाराला जातो," विराट म्हणाला, "आणि तो देव ताट परत पाठवतो." मग जरा नरमला. "नाक चांगलंय तुझं. चिरणंही सुंदर आहे. पण न चाखता रांधतेस म्हणजे डोळे मिटून गाडी चालवतेस. दहा दिवसांनी सोमवारी परत ये. तेव्हाही अशीच उभी राहणार असशील तर येऊ नकोस, दोघांचा वेळ जाईल."

दहा दिवसांनी सोमवार, आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, पारणं.

तिनं मागच्या अंगणात चक्कोत्याखाली तीन विटा मांडल्या. अनुसूयाक्कांनी एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं बाहेर सरकवून दिलं आणि बजावलं, "हे आता आत यायचं नाही." दुपारी पाण्याची खेप झाली की पोरगी तिथं बसायची. कोथिंबिरीच्या काड्या, दोन टोमॅटो, चिंचेचा कोळ, मिरपूड. सार करायचं, पळीनं थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा. ओतायचं, पुन्हा करायचं. पहिल्या दिवशी जीभ हाताशी येईच ना. चाटून झाल्यावर ती उगाच दाराकडे बघायची, कुणी बघितलं का म्हणून. सोललेल्या तळव्यावर मीठ चुरचुरायचं. चौथ्या दिवशी तिनं दाराकडे बघणं सोडलं. सातव्या दिवशी हात आपणहून तोंडाकडे जाऊ लागला. नाकाशी न्यायचा हात होताच; नाकापासून जिभेपर्यंत चार बोटांचं अंतर.

अण्णा एकदा येऊन उकिडवे बसले.

"जीभ काय म्हणते?"

"स्वल्प कमी."

"आणि नाक?"

"नाक म्हणतं बरोबर आहे."

"मग जिभेचं ऐक. तिथं तिचंच चालतं." ते काडी मोडत राहिले. "चाखायचंच तर नीट चाख. चोरासारखं नको."

"तुम्हाला राग नाही आला अप्पा?"

"राग कसला? तो माणूस बरोबरच बोलला. आम्हाला चाखायचं नव्हतं म्हणून नाक तयार झालं. तुला चाखायचंय. काम एकच आहे."

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी रघुनंदनराव आले. देऊळ त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या. गाव त्यांना राघूमामा म्हणतं. ते राहतात बसवनगुडीत, नऊ दिवस गाडीनं येऊन जाऊन असतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी आत बघितलं.

"विश्वेश्वर, आत मुलगी घेतलीस म्हणे."

"खांदा गेलाय माझा, मामा. उचलणार कोण?"

"मुलीबद्दल काही नाही. आपल्या घरी बायकाच करतात की. पण ही हॉटेलात जाते म्हणतात. आज तिथं, उद्या इथं. हे कसं?"

"अजून लागली नाही. आत माझ्या डोळ्यांदेखत असते. काही झालं तर मी आहे."

"तू आहेस म्हणूनच बोलत नाही." रावांनी उपरणं सारखं केलं. "सरी, बरं. तुझ्या शब्दावर."

पारण्याच्या दिवशी ऊन सकाळी आठालाच पाठीवर बसलं. लोकांचा आदल्या दिवसाचा उपास. मंडपात बुवांचं कीर्तन उभं राहिलं होतं, चिपळ्या भिंतीतून ऐकू यायच्या, आणि मधूनच तीनशे माणसांचा एकदम उठलेला नामाचा गजर. स्वयंपाकघरात पाच चुली. धूर वर अडकलेला. हर्षितानं पहाटेपासून चाळीस बादल्या ओढल्या होत्या. अण्णा डाव्या हातानं हरभऱ्याच्या डाळीचं हयग्रीव घोटत होते, उजवा हात छातीशी धरून. पुरण खाली लागू नये म्हणून सगळं अंग त्या पळीवर टाकलेलं. घाम हनुवटीवरून पडेल म्हणून मान मागे.

"सार बघ," ते म्हणाले.

ती साराच्या मोठ्या पातेल्यापाशी गेली. फेस काठाला लागला होता. तिनं पळी घातली, ढवळलं, वाफेत तळहात धरला. मग पळी कलती करून थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

"मीठ बरोबर आहे, अप्पा," ती म्हणाली, आणि मग तिला कळलं.

अण्णांची पळी थांबली होती. ते तिच्याकडेच बघत होते. बाहेर टाळ चालू होते. हयग्रीव खाली लागल्याचा वास आला तेव्हा कुठं ते हलले, पातेलं डाव्या हातानं ओढून चुलीबाहेर घेतलं.

"अप्पा, चुकून. हातच गेला. मी मुद्दाम..."

"गप."

"कुणी बघितलं नाही."

अण्णांनी फक्त देवाच्या गाभाऱ्याकडच्या भिंतीकडे मान वळवली. मग म्हणाले, "बादली घे. विहिरीवर जा. मी बोलावल्याशिवाय यायचं नाही, आणि कुणी काही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. माझी शपथ आहे."

ती गेली. पुजारी चांदीचं ताट घेऊन उंबऱ्याशी आले. "झालं का? बुवा आरतीवर आणतायत."

"ताट वाढता यायचं नाही," अण्णा म्हणाले. "सार उष्टं झालंय. मी चाखलं."

पुजाऱ्यांना आधी वाटलं थट्टा आहे. मग ते ताट तसंच घेऊन रावांना बोलवायला गेले.

रघुनंदनराव आले ते चपला न काढताच अंगण ओलांडून. "तू चाखलंस?"

"होय."

"तीस वर्षांत नाही ते आज?"

"वय झालं. रात्रभर डोळा नव्हता. भान राहिलं नाही."

"मुलगी कुठं होती?"

"पाण्याला."

रावांनी विहिरीकडे बघितलं. हर्षिता रहाट धरून उभी होती, बादली खाली सोडलेली, दोर ताणलेला. ओढत नव्हती. राव आवाज उतरवून म्हणाले, "विश्वेश्वर, तिनं केलं असेल तर सांग. पोर आहे. तिला उद्यापासून आत घेऊ नकोस, ते हॉटेल सोडायला लाव, विषय संपला. तुझं काम तुझ्याकडे राहील."

वाट मोकळी होती. नुसतं खरं सांगायचं होतं.

"मी चाखलं म्हणतोय ना, मामा," अण्णा म्हणाले.

एकच पातेलं बाजूला ठेवू, असं पुजारी म्हणाले. पण ज्या हातानं उष्टं केलं त्याच हातानं हुळी, म्हणजे सांबार, ढवळली, भात उपसला. राव ऐकेनात. देवाला दूधसाखरेचा नैवेद्य झाला. उपाशी लोकांच्या हातावर दोन-दोन केळी आणि पेलाभर पानक ठेवून त्यांना घरी लावलं. जाताना एकेक जण स्वयंपाकघराच्या दारात डोकावून जाई. एक म्हातारी म्हणाली, "काय रे अण्णा, भूक नाही आवरली?" ती वाईट बाई नव्हे. पण अण्णांनी मान खाली घातली आणि चुलीतली लाकडं एकेक बाहेर ओढून पाणी मारत बसले. रावांनी जाताना एवढंच सांगितलं, "किल्ली पुजाऱ्याकडे दे."

मालाच्या ऑटोत पातेली चढवली. अन्न टाकायचं कुठं? लेआउटवर गवंडी होते, रायचूरकडचे. पत्र्याच्या सावलीत ते ओळीनं बसले. अण्णा डाव्या हातानं वाढत होते, अनुसूयाक्का भात, हर्षिता सार. माणसं सार ओंजळीत घेऊन प्यायली.

"इन्नू स्वल्प हाकी, यजमानरे," एक जण म्हणाला, आणखी थोडं वाढा म्हणून. "असं सार लग्नातसुद्धा मिळत नाही."

अण्णांनी त्याला वाढलं. आपलं सार लोक गरम गरम खाताना आणि वर मागताना ते उभे राहून बघत होते. स्वतः खाल्लं नाही.

घरी आल्यावर अनुसूयाक्कांनी दार लावून घेतलं. "आता मला सांगा."

"सांगितलं तेच."

"तुमचा हात मला ठाऊक नाही का? हर्षिता, तू होतीस ना आत?"

"ती पाण्याला होती," अण्णा म्हणाले. "उगीच पोरीला ओढू नको. उद्या तिला जायचंय."

 अनुसूयाक्कांनी नवऱ्याचं सोवळ्याचं रेशमी धोतर दोरीवरून काढलं, चार घड्या केल्या आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं. त्यानंतर त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. पोरीला नको म्हणण्याचं त्यांचं कारणच नवऱ्यानं स्वतःवर घेतलं होतं.

सोमवारी विराटनं तीन वाट्या समोर मांडल्या. रांधायला लावलंच नाही.

"चाख आणि सांग, काय कमी आहे."

पहिलीत आंबट कमी होतं. दुसरीत आलं करपलं होतं. तिनं सांगितलं. तिसऱ्या वाटीवर पिवळे तवंग होते.

"हे चिकन स्टॉक आहे," विराट म्हणाला. "मला माहितीये तू खात नाहीस. थुंकलीस तरी चालेल, ते सिंक आहे. पण जीभ लागली पाहिजे. व्हेज सेक्शन फुल आहे, इथं सहा महिने सगळीकडे उभं राहावं लागतं. नाही जमत तर नो प्रॉब्लेम, थँक्यू म्हणू आणि जाऊ दे."

तिनं वाटी पुढे ओढली. आदल्या दिवशीची रिकामी पातेली अजून घरच्या अंगणात पालथी पडली होती. ती नाही म्हणाली असती तर बापानं ते सगळं कशासाठी केलं, याला काही उत्तर उरलं नसतं. तिनं चमचा उचलला, तोंडात घातला. थुंकली नाही, सिंकपर्यंत जाण्याचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

"मीठ कमी," ती म्हणाली. "आणि मिरी जुनी आहे."

"गुड," विराट म्हणाला. "उद्यापासून ये. केस जाळीत घालून."

कामावर ती चाळीस-चाळीस किलो कांदा सोलते, कोंबडीचे सांगाडे धुते, दहा-दहा तास उभी असते. शेफ व्हायला वर्षं लागतील. घरी आली की आधी मागल्या दारी अंघोळ, मग उंबरा. आई पान वाढते. स्वयंपाकघरात ये असं म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. पोरगीच जात नाही.

आषाढात के. आर. पुरमहून जुन्या ओळखीच्या सुचेताबाई आल्या. सासूचं वर्षश्राद्ध होतं. दुपारची वेळ, हर्षिता दुसऱ्या पाळीला निघायची तयारी करत होती.

"अण्णा, काय झालं ते ऐकलंय आम्ही," सुचेताबाई म्हणाल्या. "माणसाच्या हातून होतं. आमच्या सासूबाईंना तुमच्याशिवाय कुणाचं सार उतरायचं नाही. चाळीसच पान आहे. तुम्हीच या. प्रायश्चित्त घ्यायचं तर घ्या, भटजींना मी विचारलंय."

"नको अक्का. दुसरं कुणी बघा."

"किती दिवस असं बसणार? देवसुद्धा एवढं धरून ठेवत नाही."

"माझा हात आता सोवळ्याचा राहिला नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी चक्कोत्याचं एक फळ आणून बाईंच्या पिशवीत घातलं आणि त्यांना फाटकापर्यंत पोहोचवून आले.

हर्षिता ओट्यावर उभी होती, अंगात पांढरा कोट. "अप्पा, का नाही म्हणालात? चाखलं मी होतं. तुमचा हात कशानं बाटला? मी जाऊन सांगते त्यांना. राघूमामांनाही सांगते."

"हळू. तुझी आई आत आहे."

"ऐकू दे."

"आणि मग? तुझं हॉटेल सुटलं की माझं ते बोलणं फुकट जाईल." ते पायरीवर बसले, वाकडा खांदा भिंतीला टेकवून. "तू चाखलंस ती चूक. चुकीला पाणी आहे, प्रायश्चित्त आहे. मी देवाच्या दारात उभं राहून, नैवेद्याच्या वेळेला, समजून उमजून खोटं बोललो. ते कुणापुढं कबूल करू? कबूल केलं तर तुझं नाव येतं. म्हणून हात बाजूला ठेवलाय. बाकी काही नाही."

पोरीच्या ओठांवर त्या कोंबडीच्या वाटीचं आलं होतं. ती सांगणार होती. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, आणि हातानंच नको म्हणाले.

"तिथलं तिथं राहू दे. बस चुकेल तुझी."

ती गेली. आकड्यांच्या दगडांमधून तिचा पांढरा कोट बराच वेळ दिसत होता. अण्णा बसले होते तिथंच. दोन दिवस पाऊस होऊन गेला होता, देवळाच्या विहिरीला पाणी चढलं होतं म्हणतात. ते बघायला ते गेले नाहीत.

झालं एवढंच. तुम्ही उद्या कुठल्यातरी पंगतीत बसाल. पान मांडलं जाईल, वाढपी सार घेऊन येईल, आणि शेजारचा कुणी सांगेलच, की देवनहळ्ळीत एक आचारी होता, त्यानं देवाच्या आधी तोंड घातलं. त्याच्याशी वाद घालू नका. उपासानंतर केळी खाऊन घरी गेलेली माणसं ती, त्यांची भूकही खरीच होती. तुम्ही फक्त हात क्षणभर पानावर थांबवा आणि त्याची आठवण काढा. विश्वेश्वर त्याचं नाव.